अपिलातही खालचा निकाल कायम झाला, आता पुढे काय करायचं? खान्देशातल्या नवख्या पक्षकारासाठी

जिल्हा न्यायालयात अपिलाचा निकाल लागतो. वकीलसाहेब बाहेर येऊन सांगतात, "खालचा निकाल कायम झाला." मग दोन्ही बाजूंची माणसं एकच विचारतात: आते काय? जिंकलेल्याला वाटतं, उद्या-परवा शेताचा ताबा हातात येईल. हरलेल्याला वाटतं, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेलं की सगळं पहिल्यापासून ऐकलं जाईल. दोन्ही समजुती खोट्या आहेत. त्यांच्यापायी माणसांची वर्षं जातात, पैसा जातो आणि भावकीत उरलंसुरलं बोलणंही बंद होतं. म्हणून अपील फेटाळल्याच्या दिवसापासून काय काय करायचं, ते इथे ओळीनं सांगतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. चोपडा तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन. आईवडील वारलेले, दोन भाऊ, एक बहीण. बहिणीनं वाटपाचा दावा लावला आणि दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांनी तिचा एक तृतीयांश हिस्सा मान्य केला. भावांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं, ते फेटाळलं गेलं. मुलीला जन्मानंच सहदायकाचा (वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाटेकऱ्याचा) हक्क आहे आणि त्यासाठी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे असे दावे आता गावोगावी आहेत.

पहिलं काम: आदेशाचा परिच्छेद स्वतः वाचा

निकाल ऐकून घरी जाऊ नका. न्यायनिर्णयाच्या शेवटच्या पानावर 'आदेश' असं लिहिलेलं असतं. तेवढाच भाग आधी वाचा. "अपील खर्चासह फेटाळण्यात येते" आणि "खालच्या न्यायालयाचा न्यायनिर्णय व हुकूमनामा कायम करण्यात येतो" अशा अर्थाची वाक्यं असली, तर निकाल पूर्ण कायम झाला. "अंशतः मंजूर" असं असलं तर काहीतरी बदललं आहे: हिस्सा, व्याज, खर्च किंवा एखादा गट नंबर. "फेरचौकशीसाठी परत पाठवण्यात येते" असं असलं, तर प्रकरण पुन्हा खाली गेलं आणि हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही. अपील तारखेला कोणी हजर नव्हतं म्हणून फेटाळलं असेल, तर गोष्ट आणखी वेगळी. तेव्हा गुणदोषावर निकालच झालेला नसतो. ३० दिवसांत त्याच न्यायालयात अपील पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज द्यावा लागतो.

गावाकडे एक तक्रार नेहमी ऐकू येते: "खालच्या साहेबांनी चाळीस पानं लिहिली, वरच्यांनी आठ पानांत उडवून लावलं." पानं कमी म्हणून निकाल चुकीचा ठरत नाही. खालच्या न्यायालयाशी सहमत असताना वरच्या न्यायालयानं सगळा पुरावा पुन्हा उतरवून काढण्याची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयानं हे गिरिजानंदिनी देवी प्रकरणात सांगितलं आणि २००१ मध्ये संतोष हजारी प्रकरणात त्याला जोड दिली: सहमती थोडक्यात चालेल, पण न्यायालयानं स्वतः विचार केल्याचं निकालातून दिसलं पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ३१ प्रमाणे निकालात विचाराधीन मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं लागतात. तुमच्या निकालात हे तिन्ही आहेत का, ते पाहा. तुम्ही मांडलेला एखादा महत्त्वाचा मुद्दा न्यायालयानं नुसता नोंदवून सोडून दिला असेल, तर तिथे पेन्सिलीनं खूण करा. पुढच्या वकिलाला ती खूण उपयोगी पडेल.

दुसरं काम: नकलेचा अर्ज, शक्यतो त्याच दिवशी

या कामाला बहुतेक जण हलक्यात घेतात आणि नुकसान नेमकं इथेच होतं. न्यायनिर्णय (कारणांसह निकाल) आणि हुकूमनामा (कोणाला काय मिळालं, ते सांगणारा औपचारिक कागद) या दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकलांसाठी नक्कल विभागात अर्ज द्या. संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत वाचायला चालते, पण दाखल करायला सही-शिक्क्याचीच नक्कल लागते.

नक्कल हातात आली की तिच्यावरचा शिक्का बघा. तिथे तारखा टाकलेल्या असतात: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, ती पक्षकाराला कधी दिली. अपिलाची मुदत या तारखांवरून मोजली जाते. उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलाला ९० दिवस मिळतात. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस धरत नाहीत आणि नक्कल मिळवण्यात गेलेला काळ वजा होतो.

समजा निकाल ३ मार्चला लागला. तिथून ९० दिवस १ जूनला संपतात. अर्ज १० मार्चला दिला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली, तर ते १५ दिवस वाढून मिळतात आणि शेवटची तारीख १६ जून होते. आता फरक बघा. ३ ते १० मार्च तुम्ही घरी बसलात, ते दिवस तुमच्या खात्यातून गेले. नक्कल २४ तारखेला तयार होती आणि तुम्ही लग्नसराईत अडकून एप्रिलच्या शेवटी आणायला गेलात, तर तेही दिवस तुमचेच गेले. शेवटचा दिवस मे महिन्याच्या सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. तरी नवख्या माणसानं त्या काठावर जाऊ नये.

मुदत टळलीच, तर कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. मात्र प्रत्येक दिवसाचं पटेल असं कारण द्यावं लागतं. "शेतीच्या कामात होतो" एवढ्यावर भागत नाही. दवाखान्याची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला असा आधार जोडा.

कोणत्या न्यायालयात जायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. मालेगाव, सटाणा भागातले लोक अहिराणी बोलतात, सोयरिकी आपल्याकडेच करतात, पण तो जिल्हा नाशिक. तिथली अपिलं मुंबईच्या मुख्यपीठाकडे जातात. जमीन सटाण्याला आणि तुम्ही राहता साक्रीला, अशी स्थिती असेल तर राहण्याच्या गावावर जाऊ नका. दावा कोणत्या न्यायालयात चालला, त्यावर पुढची वाट ठरते.

कनिष्ठ स्तराच्या निकालावरचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयात चालतं. भुसावळ, अमळनेर, शहादा अशा ठिकाणीही जिल्हा न्यायाधीश बसतात, म्हणून ते अपील कधी कधी जिल्ह्याच्या गावाबाहेर चाललेलं असतं. वरिष्ठ स्तराकडच्या मोठ्या मूल्याच्या दाव्यांचं पहिलं अपील मात्र थेट उच्च न्यायालयात जातं. तुमचं पहिलं अपीलच खंडपीठात फेटाळलं असेल, तर एका न्यायमूर्तींच्या त्या निकालावर तिथेच आणखी एक अपील करायला संहितेचं कलम १००अ मनाई करतं. मग उरतं ते सर्वोच्च न्यायालय.

हरलेल्या बाजूनं स्वतःला विचारायचा प्रश्न

जिल्हा न्यायालय हे वस्तुस्थिती तपासणारं शेवटचं न्यायालय असतं. साक्षीदार खरा की खोटा, बांध कुणी कोरला, पैसे खरंच दिले की नाही, यावर दोन्ही न्यायालयांनी एकच निष्कर्ष काढला असेल, तर उच्च न्यायालय तो सहसा हलवत नाही. कलम १०० खाली दुसरं अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. तो प्रश्न न्यायमूर्तींना लेखी ठरवावा लागतो. असा प्रश्नच निघत नाही असं त्यांना वाटलं, तर अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपतं.

म्हणजे काय चालेल आणि काय नाही? "माझ्या साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता", हे चालणार नाही. "नोंदणी सक्तीची असलेला कागद बिननोंदणीचा असताना त्यावरूनच मालकी मानली", हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. "ज्याला काडीचाही पुरावा नाही असा निष्कर्ष काढला", "महत्त्वाचा कागद निशाणी पडलेला (पुरावा म्हणून नंबर मिळालेला) असून विचारातच घेतला नाही", "मुदतीचा मुद्दा सोडून दिला", हेही प्रश्न होऊ शकतात. आपल्या उदाहरणातल्या भावांचं म्हणणं एवढंच असेल की बहिणीच्या लग्नात आम्ही खूप खर्च केला, तर त्यात कायद्याचा प्रश्न नाही. पण बापाच्या हयातीत २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी झाली होती आणि दोन्ही न्यायालयांनी ती दुर्लक्षिली, असं असेल तर बोलण्यासारखं आहे. त्या तारखेआधीच्या अशा वाटण्यांना २००५ च्या दुरुस्तीनं हात लावलेला नाही.

पैशाच्या वसुलीचा दावा २५,००० रुपयांपर्यंतचा असेल, तर कलम १०२ मुळे दुसरं अपील मुळातच होत नाही. हातउसन्या रकमेपायी खंडपीठ गाठायला निघालेल्यांनी हे आधी पाहावं.

माझं स्पष्ट मत आहे की औरंगाबादला जायचं की नाही, हे ठरवायला त्या खंडपीठात नियमित दुसरी अपिलं चालवणाऱ्या वकिलाचं मत एकदा पैसे देऊन घ्यावं. त्यांना सांगावं, "साहेब, कायद्याचा प्रश्न एका वाक्यात लिहून द्या." तो प्रश्न एका वाक्यात बसत नसेल, तर बहुधा तो नसतोच. जळगावहून फर्दापूर-सिल्लोडमार्गे किंवा धुळ्याहून चाळीसगाव-कन्नडमार्गे तारखांना जाणं-येणं हा खर्चाचा लहान भाग आहे. त्या वर्षांत जमीन पडून राहते, विहिरीच्या दुरुस्तीला कुणी हात लावत नाही आणि हिस्से अडकलेल्या शेतावर पीककर्जाचीही अडचण होते, हा मोठा खर्च आहे. गावात "हरला" म्हणतील म्हणून केलेलं अपील फार महाग पडतं.

जायचंच ठरलं, तर ही कागदपत्रं घेऊन जा: दोन्ही न्यायालयांचे न्यायनिर्णय आणि हुकूमनामे, दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), मुद्दे, साक्षी-उलटतपासण्या आणि निशाणी पडलेले कागद. मूळ तालुक्याच्या वकिलाशी भांडून जाऊ नका. फाईल त्यांच्याकडे असते आणि प्रकरणाचे बारकावेही त्यांनाच ठाऊक असतात.

स्थगिती आपोआप मिळत नाही

"अपील टाकलंय, आता कोणी हात लावू शकत नाही", हे वाक्य खान्देशातल्या प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतं. आदेश ४१, नियम ५ याच्या नेमकं उलट सांगतो. नुसतं अपील दाखल झाल्यानं हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज करून, आदेश मिळवून, तो खालच्या न्यायालयात दाखवावा लागतो. जिल्हा न्यायालयात अपील चालू असताना मिळालेली स्थगितीही अपील फेटाळताच संपते.

म्हणून हरलेल्या बाजूनं निकालाच्या दिवशीच जिल्हा न्यायालयाला अर्ज करून वर जाण्यापुरता थोडा अवधी मागावा. सबळ कारण असेल तर न्यायालय काही आठवड्यांसाठी अंमलबजावणी थांबवू शकतं. वर स्थगिती मिळताना अटी येतात. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम भरायला सांगतात. भाडेकरूच्या प्रकरणात स्थगितीच्या काळासाठी वाजवी भरपाई भरण्याची अट घालता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात सांगितलं आहे. तेवढी सोय हाताशी ठेवूनच अर्ज करा.

जिंकलेल्या बाजूनं: आधी कॅव्हेट, मग दरखास्त

निकाल कायम झाला की खंडपीठात कॅव्हेट टाका. कलम १४८अ खाली ती ९० दिवस टिकते. समोरच्याला नोंदणीकृत डाकेनं त्याची नोटीस पाठवायची असते. कॅव्हेट असली की तुम्हाला कळवल्याशिवाय स्थगितीच्या अर्जावर सुनावणी होत नाही. नव्वद दिवस संपले आणि समोरचा अजून आलेला नसेल, तर नवी टाका. पैसे थोडे लागतात आणि झोप बरी लागते.

आता अंमलबजावणी. अपिलात निकाल कायम झाला की खालचा हुकूमनामा वरच्या हुकूमनाम्यात विलीन होतो. अंमल होतो तो वरच्याचा. यातून दोन गोष्टी निघतात. एक, दरखास्तीची (हुकूमनाम्याचा अंमल मागणाऱ्या अर्जाची) १२ वर्षांची मुदत अपिलाच्या हुकूमनाम्यापासून मोजतात. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा चंडी प्रसाद प्रकरणातला निकाल यावरच आहे. दोन, दरखास्त मात्र मूळ न्यायालयातच द्यायची, म्हणजे आपल्या उदाहरणात चोपड्यालाच. दोन्ही हुकूमनाम्यांच्या नकला जोडा.

बारा वर्षं आहेत म्हणून थांबू नका. दोन वर्षांहून जास्त उशीर केला तर आदेश २१, नियम २२ प्रमाणे आधी समोरच्याला नोटीस काढावी लागते आणि तिथेच एक-दोन हंगाम जातात. काही कामं करण्याचा, उदाहरणार्थ रस्त्यावरचं कुंपण काढण्याचा, आज्ञार्थी हुकूम असेल तर मुदत फक्त ३ वर्षांची आहे. गाडरस्ता मोकळा करून देण्याचा निकाल घेऊन शांत बसलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. कायमच्या मनाई हुकमाला मुदत नाही.

पुढचं काम हुकूमनाम्याच्या प्रकारावर आहे. ताब्याचा असेल तर ताबा वॉरंट निघतं, नाझरामार्फत बेलिफ जागेवर येतो. त्या दिवशी चतुःसीमा दाखवायला तुम्ही हजर राहा आणि गट नंबर, क्षेत्र, दिशा हुकूमनाम्याशी जुळतात का ते आधी तपासा. अडथळा झाला तर हाणामारी करू नका. बेलिफ तसा अहवाल देतो आणि पोलीस बंदोबस्त मागता येतो. तिसराच कोणी आडवा आला, तर त्याची चौकशी त्याच दरखास्तीत होते. पैशाचा हुकूमनामा असेल तर जप्ती मागता येते, पण शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि राहतं घर यांना कलम ६० संरक्षण देतं. उगाच बैल जप्तीचा अर्ज टाकून वेळ घालवू नका. बँक खातं किंवा इतर मालमत्ता शोधा.

वाटपाच्या हुकूमनाम्याचं वेगळं आहे. सारा बसलेल्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप न्यायालय करत नाही. कलम ५४ प्रमाणे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, तिथून तहसील आणि भूमी अभिलेखकडे. मोजणी होते, सरस-निरस पाहून हिस्से पाडले जातात आणि ताबा दिला जातो. त्यामुळे आपल्या बहिणीला चोपडा न्यायालयातून पत्र गेलं का, याची खात्री करून मग तहसीलमध्ये पाठपुरावा करावा लागेल. मोजणीच्या दिवशी विहीर, पाइपलाइन आणि रस्त्याचा हक्क कुणाच्या हिश्शात कसा येतो, ते लेखी नोंदवून घ्या. केळीच्या पट्ट्यात पाण्याशिवायचा हिस्सा म्हणजे नावापुरता हिस्सा. घर आणि बिनशेती जागेसाठी न्यायालय कमिशनर नेमतं आणि अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर काढावा लागतो.

दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२१ रोजी राहुल शहा प्रकरणात सांगितलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. तारखा लांबत असतील तर त्या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

तडजोड झाली तर ती न्यायालयात नोंदवा

अपिलानंतर पुष्कळदा दोन्ही बाजू थकतात आणि गावातले आबा-नाना मध्ये पडतात. हे चांगलंच आहे. पण पैसे ओट्यावर मोजून दिले आणि पाठ थोपटून घरी गेलं, असं करू नका. हुकूमनाम्यापोटी दिलेली रक्कम न्यायालयात नोंदवली नाही, तर दरखास्तीत ती धरली जात नाही. पैसे मिळाल्याची पर्सिस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) समोरच्यानं द्यावी. तो टाळाटाळ करत असेल तर देणाऱ्यानं स्वतः ३० दिवसांत अर्ज करावा. रक्कम बँकेतून द्या.

मध्येच कोणी वारलं तर

असे खटले म्हाताऱ्या माणसांच्या नावावर असतात. अपील प्रलंबित असताना पक्षकार वारला, तर ९० दिवसांत वारसांची नावं लावावी लागतात. नाही लावली तर अपील त्याच्यापुरतं रद्दबातल होतं आणि ते उठवायला पुढे ६० दिवस मिळतात. समोरच्या बाजूचा माणूस वारल्याचं कळलं, तरी वकिलाला लगेच सांगा.

खर्च परवडत नसेल तर

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे द्यायचा. खंडपीठातही अशी समिती आहे. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर हे अजून पुरेसं पोचलेलं नाही. आपल्या ओळखीत कोणी असेल तर सांगा. मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे, ती १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेनं. बहिणीकडून कोणी फी मागितली तर ती अधिसूचना दाखवा.

शेवटची दोन कामं

हुकूमनाम्याची आणि ताबा पावतीची नक्कल जोडून तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नोंद मंजूर झाली की सातबारा उतरवून नाव, क्षेत्र आणि इतर हक्कांचा रकाना तपासा.

मूळ खरेदीखत, जुनी वाटणीपत्रं असे कागद तुम्ही दाव्यात दाखल केलेले असतील, तर ते अजून न्यायालयाच्या रेकॉर्डवर आहेत. अपिलाची मुदत संपली किंवा वरचं अपील निकाली निघालं की ते परत मागण्याचा अर्ज द्या. तिथे ठेवण्यासाठी सही-शिक्क्याची नक्कल द्यावी लागते. मूळ कागद हातात आला की पानं मोजा, मगच पोचेवर सही करा.